वाचकांचे प्रश्न: ज्यू घरातला शुक्रवार, स्वयंपाक आणि पंचांग

ज्यू धर्माबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. बहुतेक प्रश्न अलिबाग, पेण, ठाणे, पुणे या पट्ट्यातले आहेत. ते साहजिकच आहे, कारण पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं लावणारे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, याच भागातले. म्हणून जिथे जगभरातल्या चालीरीती वेगवेगळ्या आहेत तिथे आधी इथली रीत सांगितली आहे.

ज्यू लोक नेमकं काय मानतात? मूर्ती नाही, पुजारी नाही, मग श्रद्धेचा गाभा कोणता? (वाचक, सातारा)

देव एकच, तो निराकार, त्याची प्रतिमा करायची नाही. त्याने इस्राएल लोकांशी करार केला आणि संदेष्टा मोशे याच्या हातून तोरा दिली. हा गाभा. तोरा म्हणजे बायबलच्या जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं. ती आजही चर्मपत्रावर हाताने लिहिली जातात आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, भागाभागाने वाचून वर्षभरात पुरी केली जातात. येशू ख्रिस्ताला ते मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, मानत नाहीत. मसीहा अजून यायचा आहे, अशी त्यांची धारणा आहे.

रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचं वाक्य म्हणजे ‘शेमा’: हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदेस यांनी श्रद्धेची १३ तत्त्वं मांडली, पण ती तोंडपाठ आहेत की नाहीत यावरून कुणी कुणाला जोखत नाही. परंपरेने मोजलेल्या आज्ञा ६१३ आहेत, २४८ ‘करा’ सांगणाऱ्या आणि ३६५ ‘करू नका’ सांगणाऱ्या. त्यातल्या बऱ्याचशा जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेल्या होत्या आणि ते मंदिर इसवी सन ७० मध्ये पाडलं गेलं. उरलेल्या आज्ञांचा मोठा भाग घरात, ताटात आणि दिनदर्शिकेत पाळायचा आहे. हा धर्म कळून घ्यायचा तर प्रवचनापेक्षा शुक्रवारची संध्याकाळ पाहावी, असं आम्ही म्हणू.

कोकणातला इतिहासही तेच सांगतो. अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. पोथ्या बुडाल्या. पुढे अनेक शतकं शेमा, शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता आणि खाण्यातलं वर्ज्यावर्ज्य एवढ्यावर ते ज्यू राहिले. घाणा चालवणारे आणि शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांच्याच परंपरेप्रमाणे दाविद रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने त्यांची परीक्षा घेतली, तीही स्वयंपाकघरात. त्याने बायकांपुढे मिसळून मासळी ठेवली आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी बाजूला काढली.

आमच्या ऑफिसातले एक सहकारी शुक्रवारी संध्याकाळी काही झालं तरी थांबत नाहीत. शब्बाथला नक्की काय करतात आणि काय करत नाहीत? (वाचक, ठाणे)

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. दिवे मात्र सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लावायचे असतात, कारण शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवता येत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेसहाच्या आत दिवे लागायला हवेत. तुमचे सहकारी पाच वाजता घड्याळाकडे बघतात ते यामुळे.

घरची बाई दिवे लावते, डोळ्यांवर हात धरते आणि आशीर्वचन म्हणते. जुन्या बेने इस्रायल घरांत मेणबत्तीऐवजी काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि वात असा दिवा असतो. उशीर झाला तर दिवा लावायचाच नाही. सूर्यास्तानंतर लावलेला दिवा शब्बाथचा मान नव्हे, शब्बाथचा भंग.

मग किद्दुश, म्हणजे द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचं आशीर्वचन. कोकणात शास्त्रशुद्ध वाइन मिळत नसे, म्हणून काळ्या मनुकांचं सरबत रूढ झालं आणि अजून आहे. एक वाटी मनुका धुऊन चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, त्याच पाण्यात थोडं उकळून, कुस्करून, पिळून गाळायचं. साखर घालायची गरज नसते. पाणी मनुकांच्या सहापटीच्या आतच हवं, नाहीतर ते द्राक्षरसात धरत नाहीत आणि द्राक्षरसाचं आशीर्वचन त्यावर चालत नाही. घाईत मनुका न कुस्करता वरचं पाणी ओतून घेणं हीही नेहमीची चूक. रस पिळूनच निघायला हवा. पेला लहान चालतो, पण साधारण ८६ मिलिलिटरपेक्षा कमी नको.

मना असलेली कामं ३९ गटांत मोजली आहेत: पेरणं, कापणं, दळणं, शिजवणं, शिवणं, लिहिणं, बांधणं, विस्तव पेटवणं-विझवणं, उघड्या जागी ओझं वाहून नेणं वगैरे. कष्ट किती पडतात हा निकष नाही. घरातली जड खुर्ची इकडची तिकडे केली तर चालते, पण एक काडी ओढलेली चालत नाही. काटेकोर पाळणारे विजेचं बटणही दाबत नाहीत. सगळेच इतकं पाळतात असं नाही, मुंबईत तर शनिवारी बसने सिनेगॉगला येणारे पुष्कळ. जीव धोक्यात असेल तर मात्र सगळे नियम बाजूला: फोन करा, गाडी काढा, इस्पितळात न्या. ही सवलत नाही, कर्तव्य आहे.

शनिवारी रात्री हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवण्याचा विधी. पेला, सुगंधी मसाला (आपल्याकडे लवंग किंवा वेलची) आणि एकापेक्षा जास्त वातींची मेणबत्ती. पिळाची मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती जुळवून धरल्या की काम भागतं.

मुलाची ज्यू मैत्रीण आणि तिचे आईवडील जेवायला येणार आहेत. आम्ही मासे-मटण खाणारे. काय करावं आणि काय टाळावं? (वाचक, रत्नागिरी)

पहिलं काम म्हणजे फोन करून विचारा, ‘तुम्ही किती पाळता?’ यात कुणाला राग येत नाही. उलट न विचारता केलेल्या कोळंबीच्या आमटीपुढे बसणं दोघांनाही जड जातं.

मासळीचा नियम सोपा: पर हवेत आणि कातडी न फाटता निघणारे खवले हवेत. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस, रोहू चालतात. कोळंबी, खेकडे, शेवंड, तिसऱ्या, कालवं, माकूल चालत नाहीत. मोरीला खरखरीत कातडी असते, पण ते खवले सुटे निघत नाहीत, म्हणून मोरी नाही. शिंगाळा नाही. कोळणीकडून मासा घेताना खवले पूर्ण काढून आणू नका, शेपटीजवळ थोडे राहू द्या. कापलेल्या, सोललेल्या तुकड्यांवरून मासा कुठला ते पाहुण्यांना ओळखता येत नाही.

मटणाचं प्रकरण तुमच्या हातातलं नाही. प्राणी रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुरांचा हवा, म्हणजे बकरी, मेंढी, गाय, म्हैस. पण बाजारातलं बकऱ्याचं मटण म्हणून चालेल असं नाही. कापणारा शिकलेला शोहेत लागतो, आपल्याकडे बहुधा सिनेगॉगचा हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हाच हे काम करतो. सुरीला नखावर फिरवून तपासतात. केसाएवढी खाच लागली तरी त्या सुरीने कापलेलं बाद. अन्ननलिका आणि श्वासनलिका न थांबता, न दाबता कापायची. मग काही चरबी आणि मागच्या पायातली मोठी शीर काढायची.

त्यानंतर घरचं काम, रक्त काढणं. तुकडे अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचे, निथळायचे आणि सगळ्या बाजूंनी खडे मीठ लावून तिरप्या जाळीवर एक तास ठेवायचे, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जातं. शेवटी तीनदा धुवायचे. बारीक मीठ लावलं तर ते विरघळून मांसात शिरतं आणि रक्त ओढत नाही. फार जाड खडे घेतले तर घरंगळून पडतात. भरड मीठ उत्तम. सपाट ताटात मीठ लावून ठेवलं तर सुटलेलं रक्त पुन्हा मांसाखाली साचतं आणि सगळी मेहनत वाया जाते. काळीज मिठाने साफ होत नाही. ते चिरून, उघड्या विस्तवावर भाजूनच घ्यावं लागतं. कापल्यापासून ७२ तासांत हे सगळं झालं पाहिजे. म्हणून सांगतो, पाहुण्यांसाठी मटणाच्या वाटेला जाऊ नका.

मांस आणि दूध एकत्र नको, हे अनेकांना माहीत असतं. पण जेवणानंतरची बासुंदी किंवा दह्यातली कोशिंबीर लक्षात राहत नाही. मांसानंतर दुधाचं खायला बरेच जण सहा तास थांबतात, काही घराण्यांत तीन. कोकणी बेने इस्रायल घरांनी यावर नारळाचा तोडगा काढला. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, गोडातही नारळाचं दूध. रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) चिकाचा हलवा याच जातीचा: गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र घोटून थाळीत थापायचा.

तुमच्या बेतासाठी आमची शिफारस पूर्ण शाकाहारी जेवणाची. मग तूप, दही, श्रीखंड सगळं मोकळं. पालेभाजी पान न् पान बघून निवडा, कारण अळी-किडा खाणं डुकराच्या मांसाइतकंच वर्ज्य आहे. फ्लॉवरचे तुरे लहान करून मिठाच्या पाण्यात ठेवा. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्या. जिलेटिन घातलेली जेली, विकतचं चीज आणि वाइन टाळा. पाहुणे काटेकोर असतील तर भांड्यांचा प्रश्न येतो, कारण ज्यात एकदा मटण शिजलं ते पातेलं त्यांना चालत नाही. अशा वेळी नवं पातेलं, केळीची पानं किंवा कागदी ताटल्या आणि न चिरलेली फळं. काहींना अन्न शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागलेला हवा असतो. तेव्हा गॅस त्यांनाच पेटवायला सांगा, मानही दिल्यासारखा होतो.

भायखळ्याच्या जुन्या इमारतीत घर घेतलं. दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी धातूची नळी ठोकलेली आहे, तिच्यावर रंगाचे थर चढलेत. हे काय आहे? काढावं का? (वाचक, मुंबई)

ती मेझुझा असणार. खरी किंमत नळीची नाही, आतल्या चर्मपत्राची आहे. त्यावर तोरेतले दोन उतारे २२ ओळींत हाताने लिहिलेले असतात आणि पहिलाच शब्द शेमाचा. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती लावतात. सात फुटी दार असेल तर जमिनीपासून सुमारे ५६ इंचांवर. काहीजण उभी लावतात, काही वरचं टोक आतल्या बाजूला झुकवून तिरपी. न्हाणीघर-संडास सोडून प्रत्येक खोलीच्या दाराला असते, म्हणून आतल्या चौकटीही बघून घ्या.

फेकू नका. खिळे किंवा स्क्रू अलगद काढून नळी न उघडता जवळच्या सिनेगॉगमध्ये द्या. खराब झालेलं पवित्र लिखाण ते पुरतात.

ज्यू वाचकांसाठी दोन शब्द. दर सात वर्षांत दोनदा पत्र तपासायचा नियम आहे, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत शाई फुटते आणि चर्मपत्र नळीला चिकटतं, तेव्हा दर पावसाळ्यानंतर बघितलेलं बरं. एका अक्षराला तडा गेला तरी मेझुझा बाद. छापील कागद घातलेल्या शोभेच्या नळ्या सर्रास विकल्या जातात, त्या मेझुझा नव्हेत.

ज्यू सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतात? आपल्या पंचांगासारखं आहे का? (वाचक, नाशिक)

बरंचसं तसंच. महिने चांद्र, वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, आणि सौर वर्षाशी मेळ घालायला १९ वर्षांत ७ अधिक महिने. फरक असा की आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना लागतो, त्यांचा नेहमी अदार महिन्यालाच. पेसाह हा सण वसंतातच पडला पाहिजे, म्हणून त्याच्या आधीच भरपाई करून घेतात.

मेळ कधी बसतो, कधी चुकतो. २०२४ मध्ये रोश हशाना आणि घटस्थापना दोन्ही ३ ऑक्टोबरला होत्या. २०२३ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक श्रावण आल्याने घटस्थापना १५ ऑक्टोबरला गेली आणि रोश हशाना १६ सप्टेंबरलाच झाला. त्यांचा अधिक महिना पुढे २०२४ च्या सुरुवातीला आला. मग त्या वर्षी पुरीम आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला, आणि पेसाहचा पहिला दिवस हनुमान जयंतीला, २३ एप्रिलला.

म्हणूनच कोकणात पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. रोश हशाना ‘नव्याचा सण’. योम किप्पुर म्हणजे सुमारे २५ तासांचा निर्जळी उपास, दारं लावून घरात बसून पाळायचा, तो ‘दारफाळणीचा सण’. मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी ताटात वालाचं बिरडं. हनुका जुन्या यादीत नव्हता, तो नंतर शिकून आला.

दिनदर्शिकेत छापलेली तारीख दिवसाची असते, सण आदल्या संध्याकाळी लागतो. शुभेच्छा द्यायला दुसऱ्या रात्री गेलात तर एक दिवसाचा सण संपलेला असेल.

मलिद्याला आमंत्रण आहे. तो काय प्रकार? (वाचक, पेण)

एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने केलेला आभाराचा विधी, आणि हा खास बेने इस्रायलांचा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात किंवा आजारातून उठल्यावर करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात (घाटातला खंडाळा नव्हे) एलियाचा रथ टेकला अशी श्रद्धा असलेलं ठिकाण आहे, तिथेही मलिदा होतो.

दहा-बारा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, पाव किलो साखर किंवा चिरलेला गूळ, चमचाभर वेलचीपूड, वर बदाम-पिस्ते. पोहे चाळणीत धुऊन दहा-पंधरा मिनिटं निथळत ठेवायचे. पातळ पोहे घेतले तर लगदा होतो. साखर आणि खोबरं प्रार्थनेच्या अगदी आधी मिसळा. तासन्‌तास आधी कालवलं तर साखरेला पाणी सुटतं आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात खोबरं आंबतं. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती पाच तऱ्हेची फळं, वर गुलाब. फळांची आशीर्वचनं वेगळी असतात: खजूर झाडाचं फळ, केळं मात्र जमिनीच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून ताटातलं फळ उचलायची घाई करू नका, हज्जान सांगेल तेव्हा घ्या.

शेजारच्या ज्यू काकांचे वडील वारले. भेटायला कधी जावं, काय न्यावं? (वाचक, पुणे)

दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करतात. शब्बाथला मात्र दफन होत नाही. दहन निषिद्ध आहे. मृताला स्नान घालून साध्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखंच. दफनाचा दिवस पहिला धरून सात दिवस शिवा, त्यात घरचे खाली किंवा बुटक्या आसनावर बसतात. दफनाहून परतल्यावरचं पहिलं जेवण त्यांनी स्वतःचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी द्यायचं. उकडलेली अंडी आणि फळं नेलीत तर बहुतेक घरांत बिनधास्त चालतील.

शिवाच्या दिवसांत दार उघडं असतं, बेल वाजवू नका. दुखवट्यातला माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र टाळा. दहा पुरुष जमले तरच कद्दीश (मृतासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणता येतो, पण त्या दहांत तेरा वर्षांवरचे ज्यूच मोजले जातात. तुम्ही गर्दीत भर घातलीत तर आकडा भरत नाही, माणसं मात्र आल्यासारखी वाटतात.

मुलगा मंगळवारी संध्याकाळी सातला जन्मला. सुंता कधी? (वाचक, पनवेल)

सूर्यास्तानंतर जन्म झाला असेल तर बुधवार धरायचा, म्हणून पुढच्या बुधवारी. दिवसा जन्मला असता तर पुढच्या मंगळवारी. सूर्यास्त आणि चांदण्या यांच्यामधल्या संधिकाळातला जन्म असेल तर उशिराचा दिवस घेतात. पनवेलला जूनमध्ये सातला उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये अंधार, तेव्हा त्या तारखेचा सूर्यास्त बघूनच ठरवा आणि दाखल्यावरची मिनिटं हज्जानला दाखवा. नैसर्गिक प्रसूतीचा आठवा दिवस शब्बाथला आला तरी विधी त्याच दिवशी होतो, सिझेरियन असेल तर पुढे जातो. बाळाला कावीळ असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचं, आठवा दिवस हुकला तरी चालतो.

मुंबई-पुण्यातली सिनेगॉग बघायला जाता येतात का? (वाचक, कोल्हापूर)

जाता येतं, आधी फोन करून. मुंबईतलं सर्वांत जुनं शार हारहमीम, १७९६ सालचं, मशीद बंदर भागात आहे. काळा घोड्याजवळचं निळं केनेसेथ एलियाहू १८८४ चं. पुण्यातलं ओहेल दाविद म्हणजे आपलं लाल देऊळ. शनिवारी आणि सणाच्या दिवशी फोटो काढता येत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमाल चालतो. ओळखपत्र जवळ ठेवा, सुरक्षारक्षक विचारतात.